गुण, गुणांक आणि समीक्षा : व्हिडिओ गेमच्या मूल्यमापनाच्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

पदव्युत्तर वर्गात आस्वाद आणि मूल्यमापन यांतील भेद स्पष्ट करीत असता एका विद्यार्थ्याने आपल्या मित्रमंडळातील व्हिडिओ गेमविषयीच्या चर्चेचे उदाहरण दिले. हा विद्यार्थी आगाशीचा. तेथील चार-पाच मित्र संध्याकाळी एकत्र जमतात, एकाच्या घरच्या कन्सोलवर आळीपाळीने खेळतात आणि नवा गेम घ्यावा की नाही याची चर्चा करतात. चर्चेचा शेवट बहुधा एका वाक्याने होतो : ‘तो साडेआठचा आहे’ किंवा ‘त्याला सहाच मिळालेत.’ साडेआठच का, आठ का नाहीत, असे विचारले तेव्हा त्याला उत्तर देता आले नाही. आकडा त्याच्या मुखोद्गत होता, परंतु आकड्यामागील कारण त्याने कधी वाचलेच नव्हते. त्यावर वर्गातील एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, “सर, आमचंही तसंच असतं. कवितेचं रसग्रहण किती गुणांना येणार, तेवढंच आम्ही विचारतो.”

प्रस्तुत लेखाची प्रेरणा या संवादात आहे. मराठीत ‘गुण’ या एकाच शब्दाने काव्यातील माधुर्य, ओज, प्रसाद यांचा निर्देश होतो आणि उत्तरपत्रिकेवरील आकड्यांचाही. पहिला अर्थ वस्तूच्या अंगी असणाऱ्या धर्माचा आहे, दुसरा परीक्षकाने दिलेल्या निवाड्याचा. समीक्षेचे काम या दोहोंतील वाट दाखविण्याचे असते. ही वाट पुसली गेली की काय होते, हे पाहण्यासाठी व्हिडिओ गेमच्या समीक्षेइतके स्पष्ट उदाहरण आज दुसरे क्वचितच सापडेल; कारण गुणांकनाचे इतके व्यापक आणि आर्थिकदृष्ट्या इतके परिणामकारक रूप अन्य कोणत्याही कलाप्रकाराच्या समीक्षेत आढळत नाही.

व्हिडिओ गेम हा साहित्यविभागाच्या अभ्यासाचा विषय कसा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि, नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात ते ‘क्रीडनीयक’, म्हणजे पाहता आणि ऐकता येईल असे खेळणे होय, याचे स्मरण येथे पुरेसे आहे.

२. गुणांकनाची दोन जुनी उदाहरणे

आकड्यांनी कलेचे मूल्यमापन करणे ही आधुनिक बाजारपेठेची विकृती आहे, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. दैवी आणि मानुषी अशा दोन सिद्धी, प्रयोगातील ‘घात’ म्हणजे दोष, सिद्धी व घात यांची नोंद ठेवणारे लेखक व गणक, आणि विजेत्यास दिली जाणारी पताका, असा तेथे स्पर्धेचा सर्व सरंजाम आहे. म्हणजे मोजणी आहे आणि निकालही आहे.

परंतु त्याच अध्यायातील प्राश्निकांची योजना अधिक लक्षणीय आहे. मतभेद उत्पन्न झाल्यास निवाडा कोणी करावा हे सांगताना यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोवेत्ता, शब्दवेत्ता, राजा, धनुर्विद्येचा जाणकार, चित्रकार, वेश्या, गांधर्ववेत्ता आणि राजसेवक अशा दहा जणांची गणना केली आहे. प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे. वृत्ताविषयी छंदोवेत्त्याने बोलावे, नेपथ्याविषयी चित्रकाराने, स्वर आणि ताल यांविषयी गांधर्ववेत्त्याने, शस्त्र धरण्याच्या पवित्र्याविषयी धनुर्धराने. कोणाचे मत कोणत्या अंगाविषयी आहे, याचा विसर पडू द्यावयाचा नाही, हे या योजनेचे मर्म होय.

दुसरे उदाहरण फ्रान्समधील आहे. रोजे द पील या कलासमीक्षकाने १७०८ मध्ये चित्रकारांची एक तुला प्रसिद्ध केली. रचना, रेखाटन, रंग आणि भावाभिव्यक्ती असे चार रकाने करून प्रत्येकात वीसपैकी गुण दिले. वीस हा आकडा मानवी सामर्थ्यापलीकडील पूर्णतेसाठी राखून ठेवल्यामुळे अठरापेक्षा अधिक गुण कोणासच मिळाले नाहीत. राफाएल आणि रूबेन्स या दोघांच्या गुणांची बेरीज सारखीच, म्हणजे ६५ भरते. मात्र राफाएलला रेखाटनात १८ आणि रंगात १२ आहेत, तर रूबेन्सला रेखाटनात १३ आणि रंगात १७. काराव्हाज्जोला रंगासाठी १६ गुण मिळाले आणि भावाभिव्यक्तीसाठी शून्य. हे शून्य आज आपल्याला अन्यायाचे वाटते, आणि ते तसे वाटू शकते याचे कारण रकाने उघडे आहेत. नुसती बेरीज छापली असती तर राफाएल आणि रूबेन्स एकसारखेच चित्रकार ठरले असते व त्यावर वाद घालण्यास जागाच उरली नसती.

३. चाळीसपैकी चाळीस

व्हिडिओ गेमच्या समीक्षेत रकाने उघडे ठेवण्याची एक पद्धत जपानमध्ये रूढ झाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘फामित्सू’ या नियतकालिकात एकाच गेमचे परीक्षण चौघे जण करतात. प्रत्येक जण दहापैकी गुण देतो, सोबत थोडक्यात अभिप्राय लिहितो आणि चौघांच्या गुणांची बेरीज चाळीसपैकी छापली जाते. १९९८ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’ या गेमला प्रथमच चाळीसपैकी चाळीस गुण मिळाले. येथे रकाने गुणधर्मांचे नसून व्यक्तींचे आहेत. तरीही एकाने नऊ आणि दुसऱ्याने सहा दिले असतील तर वाचकाला तो मतभेद दिसतो.

२००१ मध्ये ‘मेटाक्रिटिक’ या संकलन करणाऱ्या संस्थेचा प्रारंभ झाला आणि चित्र पालटले. निरनिराळ्या परीक्षकांनी दिलेले तारे, अक्षरी श्रेणी आणि दशांशातील गुण यांचे शंभरपैकी आकड्यांत रूपांतर करावयाचे आणि त्यांची भारित सरासरी काढावयाची, अशी ही रीत. कोणत्या परीक्षकाला किती वजन दिले जाते हे प्रसिद्ध केले जात नाही. सरासरीला रंगही असतो : हिरवा, पिवळा किंवा तांबडा. चित्रपटाला ६१ गुणांपासून हिरवा रंग मिळतो, व्हिडिओ गेमला मात्र ७५ गुणांपासून. एकाच संस्थेत एकाच आकड्याचा अर्थ कलाप्रकारानुसार बदलतो, ही बाब बोलकी आहे. गेमच्या परीक्षणात सत्तर गुण म्हणजे ‘चांगला’ नसून ‘जेमतेम’, असा संकेत रुळलेला असल्याचे ते निदर्शक मानता येईल. आपल्या विद्यापीठांत साठ गुणांचा विद्यार्थी प्रथम वर्गात येतो. त्या सवयीने हे आकडे वाचल्यास आपली दिशाभूल होईल.

चार स्तंभांकडून चार व्यक्तींकडे आणि चार व्यक्तींकडून एका सरासरीकडे झालेल्या या प्रवासात प्राश्निक क्रमाक्रमाने अदृश्य होत गेला, असे म्हणावे लागते.

४. आकडा आणि अर्थकारण

गुणांकाचे समर्थन करणारा पक्षही दुर्लक्षणीय नाही. मोठ्या कन्सोलवरील नव्या गेमची किंमत चार-पाच हजार रुपयांच्या घरात असते. घेणाऱ्याचा प्रश्न साधा असतो : पैसे वाया जातील काय? आगाशीची सुकेळी घेणारा जाणता गिऱ्हाईकही शेवटी एका भावालाच ती घेतो. परंतु भाव ठरण्यापूर्वी तो रंग पाहतो, मऊपणा पाहतो, वास घेतो. आणि भाव पटला नाही तर या तिहींपैकी काय कमी पडले हे विक्रेत्याला सांगू शकतो. गुणांक हा समीक्षेचा भाव आहे असे मानले, तर भावामागील ही पाहणी वाचकाच्या हाती असली पाहिजे.

ती नसली की आकडा स्वतंत्र सत्ता गाजवू लागतो. २०१० मधील ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ या गेमच्या बाबतीत निर्मात्या ऑब्सिडियन संस्थेला मिळावयाचा बोनस मेटाक्रिटिकच्या ८५ या सरासरीशी बांधलेला होता. सरासरी ८४ झाली आणि बोनस हुकला, हे त्या संस्थेतील ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये उघड केले. एका गुणाचा हा फरक कोणत्या दोषाचा, कोणत्या परीक्षकाचा, याचे उत्तर सरासरीत मिळत नाही. २००७ मध्ये ‘गेमस्पॉट’चे संपादक जेफ गर्स्टमन यांना पदावरून दूर करण्यात आले. ‘केन अँड लिंच’ या गेमला त्यांनी सहा गुण दिले होते आणि त्याच गेमच्या जाहिराती त्या प्रकाशनावर झळकत होत्या. या दोन गोष्टींचा संबंध होता, हे त्यांनी २०१२ मध्ये स्वतः सांगितले.

आकड्याचा वापर निषेधाचे शस्त्र म्हणूनही होतो. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस : भाग दोन’ प्रसिद्ध झाला तेव्हा व्यावसायिक समीक्षकांनी त्याची मोठी प्रशंसा केली. सामान्य खेळाडूंच्या गुणांचा मात्र पहिल्याच दिवशी निचांक झाला. गेम पुरा खेळून होण्याइतका वेळही तेव्हा लोटलेला नव्हता. त्यानंतर मेटाक्रिटिकने नवा गेम प्रसिद्ध झाल्यापासून ३६ तास खेळाडूंना गुण देता येणार नाहीत, असा नियम केला. राजशेखराने काव्यमीमांसेत भावकांचे अरोचकी, सतृणाभ्यवहारी, मत्सरी आणि तत्त्वाभिनिवेशी असे चार प्रकार सांगितले आहेत. कशानेच समाधान न होणारा, गवतासकट सर्व गिळणारा, द्वेषाने पाहणारा आणि तत्त्वापर्यंत पोहोचणारा अशा चौघांचे आकडे एका सरासरीत टाकले, तर निघणारा अंक नेमका कोणाच्या रुचीचा मानावयाचा?

आकडा टाकून देण्याचे प्रयोगही झाले आहेत. ब्रिटनमधील ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये गुण देणे बंद केले आणि शिफारशीचे मोजके शेरे स्वीकारले, २०२३ मध्ये पाचपैकी ताऱ्यांच्या रूपाने गुणांकन पुन्हा आले. वाचकाची गरज आणि समीक्षकाची तत्त्वनिष्ठा यांतील ताण एका निर्णयाने सुटणारा नाही, हे यावरून दिसते.

५. कोणत्या प्रतीला गुण?

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक परिचित प्रश्न भेटतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पाठभेदांमुळे मूळ ग्रंथ दुरावत चालला होता म्हणून. व्हिडिओ गेमला असे पाठभेद जन्मतःच असतात. एकच गेम निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळ्या रीतीने चालतो आणि प्रकाशनानंतरही त्यात दुरुस्त्या होत राहतात.

डिसेंबर २०२० मधील ‘सायबरपंक २०७७’ हे याचे ठळक उदाहरण होय. प्रकाशनापूर्वी परीक्षकांना संगणकावरील प्रत देण्यात आली होती आणि तिच्यावर आधारलेले गुण उत्तम होते. प्लेस्टेशन ४ वरील प्रत मात्र इतकी सदोष निघाली की सोनीने आठवडाभरातच तो गेम आपल्या विक्रीकेंद्रातून काढून घेतला. ज्यांनी गुण पाहून ती प्रत घेतली त्यांनी एका पाठाचे परीक्षण वाचले आणि दुसरा पाठ विकत घेतला. पुढे या गेमच्या सुधारित आवृत्त्यांनी त्याची प्रतिष्ठा बरीचशी परत मिळविली. म्हणून प्रत आणि दिनांक यांचा निर्देश नसलेला गुणांक, हस्तलिखिताचा निर्देश नसलेल्या पाठासारखाच अविश्वसनीय मानला पाहिजे.

६. हातातील यंत्र आणि औचित्यविचार

दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा कन्सोल आणि हातात धरून खेळावयाचे यंत्र यांना एकच मापदंड लावणे कितपत उचित आहे? १९८९ मध्ये निंटेंडोचा ‘गेम बॉय’ आला तेव्हा त्याचा पडदा रंगहीन होता; त्याच वर्षीच्या अटारीच्या ‘लिंक्स’ला रंग होते, प्रकाश होता. तांत्रिक गुणांच्या तक्त्यात लिंक्स सरस ठरावा. परंतु त्याला सहा बॅटऱ्या लागत आणि त्या काही तासांतच संपत. गेम बॉयच्या चार बॅटऱ्या कितीतरी अधिक काळ टिकत. गेम बॉय आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली.

क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. देश, काल आणि अवस्था यांच्याशी सुसंगत असणे हे हातातील यंत्रावरील खेळाचेही जीवित होय. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत सुदैवाने खिडकीजवळ जागा मिळालेला प्रवासी जो खेळ खेळतो, तो दोन स्थानकांच्या दरम्यान एखादे आवर्तन पूर्ण करणारा, गर्दी आत घुसताच तत्काळ थांबविता येणारा आणि नायगावला सोडलेला धागा भाईंदरला पुन्हा हाती देणारा असावा लागतो. भव्य दृश्ये आणि दीर्घ आख्यान हे कन्सोलवरील गुण तेथे दोष ठरू शकतात. २००५ मध्ये ‘निंटेंडॉग्ज’ या हातातील यंत्रावरील गेमला फामित्सूने चाळीसपैकी चाळीस गुण दिले. त्यात शत्रू नाही, कथानक नाही; कुत्र्याचे पिल्लू पाळावयाचे, इतकेच. कन्सोलवरील युद्धकथेच्या कसोट्या त्याला लावल्या असत्या तर हाती काय लागले असते?

७. ‘राजी’ : एक मराठी मुलुखातील उदाहरण

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने निर्माण केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निंटेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर प्रसिद्ध झाला. स्विच हे यंत्र घरी कन्सोल म्हणून आणि बाहेर हातात धरून, असे दोन्ही प्रकारे चालते. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न अपुरा राहिला होता. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या भावाच्या शोधार्थ निघालेली राजी ही मुलगी, तिच्या हाती दुर्गेने दिलेला त्रिशूळ, आणि निवेदक म्हणून दुर्गा व विष्णू यांचा संवाद, अशी त्याची चौकट आहे. दृश्यरचनेवर राजस्थानी किल्ल्यांचा आणि पहाडी चित्रशैलीचा संस्कार आहे. कथाभाग छायाबाहुल्यांच्या रीतीने सांगितला जातो. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

परीक्षकांच्या मतांत एक आकृतिबंध दिसतो. वास्तुरचना, रंगयोजना, संगीत आणि पुराणकथेचा वापर यांची स्तुती जवळजवळ एकमुखाने झाली. त्याचबरोबर युद्धप्रसंगांतील हालचाली अवघडलेल्या आहेत, लढती त्याच त्या वाटतात, गेम लहान आहे आणि शेवट एकाएकी येतो, असे आक्षेपही वारंवार घेतले गेले. भरताच्या भाषेत बोलावयाचे तर चित्रकार आणि गांधर्ववेत्ता प्रसन्न झाले, धनुर्धर नाराज राहिला. सरासरीने या दोन निश्चित मतांचे एक मध्यम मत बनविले. वास्तविक हा गेम ‘मध्यम’ आहे असे म्हणणारे कोणीच नव्हते. एका अंगाने तो उंच आणि दुसऱ्या अंगाने तोकडा आहे, असेच बहुतेकांचे म्हणणे होते.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराचे स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव मानले आहेत. व्हिडिओ गेमच्या अभ्यासातही असेच दोन पक्ष आहेत. एस्पेन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथानंतर खेळाचे नियम आणि कृती यांनाच प्रधान मानणारे क्रीडावादी आणि आख्यान, प्रतिमा व अर्थ यांच्या बाजूने विचार करणारे कथनवादी यांच्यात दीर्घ वाद झाला. ‘राजी’ची परीक्षणे वाचताना दोन्ही ध्रुव एकाच लेखात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. शब्द त्यांना वेगळे ठेवू शकतात. अंकाला ते सामर्थ्य नाही.

या गेमची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली व तिला हिंदी संवादांची जोड मिळाली. म्हणजे पाठभेदाचा प्रश्न येथेही आहेच.

८. मराठी परिभाषेची आवश्यकता

नव्वदीच्या दशकात आपल्याकडील घरांत जे व्हिडिओ गेम आले ते बहुतांशी जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला होते. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ अशासारखा आकडा छापलेला असे आणि लावून पाहिल्यावर मोजकेच खेळ वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून येत. आकड्यावर विश्वास ठेवू नये, हा धडा त्या पिढीने खेळतानाच घेतला. त्या मुलांपाशी परीक्षणाची नियतकालिके नव्हती, पण चर्चा होती, आणि ती मराठीत होती.

त्या चर्चेमागे अंगणातील खेळांची समृद्ध शब्दसंपत्ती उभी होती. ‘लिंबूटिंबू’ म्हणजे खेळात असूनही बाद न होणारा लहानगा. ‘सेकिरो’ या कठीण गेमला सोपी पातळी असावी की नसावी, यावर २०१९ मध्ये जगभर वाद झाला. दुर्बळ गड्याला खेळाबाहेर न काढता आणि इतरांचा डाव न बिघडविता सामावून कसे घ्यावे, हा त्या वादाचा गाभा आपल्या एका शब्दात साठलेला आहे. ‘रडीचा डाव’ हा वाक्प्रयोग आपण अप्रामाणिक गड्यासाठी योजतो. खेळाडूची चूक नसता कॅमेऱ्याच्या कोनामुळे दडलेला शत्रू त्याला बाद करतो, तेव्हा तो यंत्रालाही लागू पडतो. इंग्रजी परीक्षणांत ज्या कंटाळवाण्या आवर्तनाला ‘ग्राइंड’ म्हणतात, त्याला मराठीत ‘दळण’ हा शब्द घडलेलाच आहे. आणि ‘डाव रंगला’ या दोन शब्दांत खेळणारा, खेळ आणि पाहणारा या तिघांच्या एकात्म अनुभवाचा जो निर्देश होतो, तो रसविचाराला अपरिचित नाही.

हे शब्द समीक्षेत वापरले गेले नाहीत तर आपल्या विद्यार्थ्यांपाशी या अनुभवाविषयी बोलण्यासाठी केवळ उसना आकडा उरतो. मराठीच्या अध्यापकाने या विषयात लक्ष घालण्याचे हे सर्वांत मोठे कारण होय.

९. समारोप

समीक्षेतून अंकाची हकालपट्टी व्हावी, असा आग्रह या लेखात धरलेला नाही. नाट्यशास्त्रातही गणक आहे. त्याच्या शेजारी प्राश्निक बसलेला असावा, प्राश्निकाचे क्षेत्र सांगितलेले असावे आणि कोणत्या प्रतीचे परीक्षण झाले हे नोंदविलेले असावे, इतकीच अपेक्षा आहे. ही अपेक्षा आपल्याही व्यवसायाला लागू पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन सुरू केले. पुढे त्याचे स्वरूप बदलले, परंतु एखाद्या शोधनिबंधाविषयी ‘त्यात काय आहे?’ याआधी ‘त्याचे किती गुण?’ असे विचारण्याची सवय आपल्याला जडली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गेमच्या आकड्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या वर्गाला पुढील आठवड्यात एक काम दिले : कोणत्याही एका गेमविषयी तीनशे शब्द लिहावे, त्यात अंक येऊ नये. आगाशीच्या विद्यार्थ्याने ‘राजी’वर लिहिले. किल्ल्याच्या भिंतींविषयी त्याने मनापासून लिहिले होते. लढतींविषयी ‘हात अडखळतो, पण डोळा थांबतो’ असे त्याचे एक वाक्य होते. अंतर्गत मूल्यमापनाच्या नियमानुसार त्या लेखनाला दहापैकी गुण देणे भाग होते. प्रस्तुत लेखकाने आठ दिले आणि त्याखाली, निरीक्षण, रचना, भाषा आणि युक्तिवाद असे चार शब्द लिहून प्रत्येकापुढे एकेक ओळ लिहिली. त्या विद्यार्थ्याने वही परत घेताना आठांकडे पाहिले आणि मग युक्तिवादापुढील ओळीवर बोट ठेवून, ती आपल्याला मान्य नसल्याचे सांगितले. त्या दिवशीचा तास त्याच वादात संपला.